महापालिकेची शाळा म्हणते "याला स्पेशल शाळेत टाका", तेव्हा आईने काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगा सात वर्षांचा, घणसोलीत महापालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला. ऑटिझमचं निदान गेल्या वर्षी झालंय, थोडं बोलतो, अक्षरं ओळखतो, पण वर्गात बसत नाही, उठून बाहेर निघून जातो. वर्गात ५४ मुलं. बाई म्हणतात माझ्याच्याने होत नाही, मुख्याध्यापक म्हणतात आमच्याकडे असा स्टाफ नाही, स्पेशल शाळा बघा, नाहीतर रोज दोनच तास आणा आणि तुम्ही स्वतः मागे बसा. आणि तुम्ही विचारलंय की भांडायचं का, आणि भांडलं तर त्याचा राग पोरावर निघेल का.

मी विशेष शिक्षिका आहे, एकोणीस वर्षं झाली, त्यातली बरीच वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या महापालिकेच्या शाळांमध्ये फिरती शिक्षिका म्हणून गेली. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत, एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास. त्यामुळे आईच्या बाजूलाही बसलेय आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या आतल्या बाजूलाही, आणि दोन्हीकडे काय चालतं ते माहितीये.

हक्क आहे की नाही हा प्रश्नच नाहीये, तो आहे. अडचण अशी आहे की तुम्ही "त्याला इथेच शिकवा" म्हणता तेव्हा मुख्याध्यापकांच्या डोळ्यासमोर एक अख्खा जास्तीचा शिक्षक येतो, जो त्यांच्याकडे नाही, आणि मग ते लगेच नाही म्हणतात. तुम्ही "त्याचा बाक दारापासून हलवून भिंतीकडे घ्या" म्हणालात तर त्यांना एक बाक दिसतो, आणि बाक हलवायला नाही म्हणणं कुणालाही जड जातं. माझं सगळं सांगणं शेवटी याच्यावरच येतं की मागणी लहान करा, नेमकी करा, लेखी करा आणि तारीख घाला.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या आधीच सांगते. तो बाहेर जातो म्हणजे वर्गाबाहेर व्हरांड्यात जातो की गेटबाहेर रस्त्यावर, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेटबाहेर जात असेल तर पहिली मागणी सुरक्षेची, गेटची कडी आणि वॉचमनला मुलाची ओळख, बाकी सगळं नंतर. शी-शू सांगतो का, खिचडी सगळ्यांबरोबर खातो का, गोंगाटाने कान झाकतो का, यावर पण बरंच ठरतं. आणि वर्गशिक्षिका कशी आहे यावर तर सगळ्यात जास्त ठरतं, ते कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. शिवाय मी तुमचं पोर पाहिलेलं नाही, तेव्हा मी सांगते त्यातलं जे त्याला लागू नाही ते सोडून द्या.

कायद्याचं लवकर सांगते, कारण ते पाठ करून कुणाला धमकवायचं नसतं, आपल्याला पाठीत कणा यावा म्हणून माहीत असावं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षण. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्यात वंचित गटात स्पष्टपणे आली. मग दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, ज्यात ऑटिझमसकट २१ प्रकार आहेत. त्याचं कलम १६ म्हणतं की शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या आणि त्याला लागेल तो आधार द्यायचा. कलम ३१ म्हणतं की ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. इथे "पसंतीच्या" हा शब्द नीट वाचा. पसंती मुलाची आणि पालकांची असते, मुख्याध्यापकांची नसते.

बऱ्याच आया मला सांगतात की मॅडम अजून सर्टिफिकेट नाही म्हणून शाळा काही करत नाही. सर्टिफिकेट काढाच, स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरून सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी होते, शिष्यवृत्ती, भत्ते, पुढे दहावीच्या सवलती यासाठी ते लागणारच. पण वर्गातल्या सोयीसाठी त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलंय की ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नसली तरी वाजवी सोय नाकारता येत नाही. ती केस परीक्षेत लेखनिक मिळण्याची होती, पण मुद्दा तोच. तोपर्यंत निदानाचा कागद, म्हणजे डॉक्टरांचा किंवा सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट, त्याची झेरॉक्स शाळेत देऊन ठेवा.

आता एक गोष्ट जी पालकांना कुणीच सांगत नाही. तुमचं मूल शाळेच्या कागदावर "विशेष गरजा असलेलं बालक" म्हणून मोजलंय का ते आधी बघा. दरवर्षी शाळा यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदणीत, सगळ्या मुलांची माहिती भरते, त्यात हा रकाना असतो. मी कितीतरी शाळांमध्ये बघितलंय की वर्गात तीन मुलं समोर दिसतायत आणि यू-डायसमध्ये शून्य, कारण भरणाऱ्याने पटकन "नाही" वर क्लिक केलं किंवा आईबापांनीच लपवलं. मग वरच्या ऑफिसच्या दृष्टीने त्या शाळेत असं मूलच नाही, विशेष शिक्षकाच्या भेटींच्या यादीत ती शाळा येत नाही, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून अशा एका मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत जी तरतूद असते त्यात ते मूल धरलं जात नाही, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता हे तर लांबच. रक्कम फार मोठी नसते, पण मुद्दा नुसत्या पैशाचा नाहीये. मुख्याध्यापक "आमच्याकडे स्टाफ नाही" म्हणतात ते खरं असतं, आणि स्टाफ नसण्याचं एक कारण हेही असतं की मागितलाच नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या केंद्र (क्लस्टर) पातळीवर ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. ही पदं असोत की पुढची, वाटणी मुलांच्या आकड्यावरून होते. म्हणून पहिला अर्ज यू-डायसमधल्या या नोंदीसाठी करा. चार ओळींचा.

दुसरं काम घरी बसून होत नाही, पण फार महत्त्वाचं आहे. तो उठतो कधी ते लिहून काढा. "दिवसभर पळतो" हे उत्तर घ्यायचं नाही. मी एक उदाहरण सांगते, शाळेचं नाव सांगत नाही. दिघ्याकडची शाळा, तिसरीचा वर्ग, मुलगा साधारण तुमच्यासारखाच. बाई अगदी रडकुंडीला आलेल्या, म्हणत होत्या की हा सारखा पळतो. मी त्यांना कॅलेंडरचं जुनं पान दिलं, त्याच्या मागे पाच दिवस फक्त वेळ लिहा म्हटलं, कारण वगैरे काही नको. पाच दिवसांनी पानावर अकरा आकडे होते आणि त्यातले आठ सव्वाअकरा ते साडेअकराच्या मधले. त्या वेळेला मी वर्गात जाऊन मागे बसले. दोन वर्गांच्या मधली भिंत वरपर्यंत नव्हती, वर चांगली दोन हात मोकळी जागा, आणि पलीकडचा वर्ग त्या वेळेला सगळे मिळून पाढे म्हणायचा, बे एके बे, बे दुणे चार, पन्नास मुलं, टेबलावर पट्टी आपटून. आपल्याला ती शाळेची नेहमीची कलकल वाटते, कानात बसत पण नाही. हा मुलगा सातच्या पाढ्यापर्यंत दोन्ही तळव्यांनी कान दाबून बसला, मग बाकाखाली गेला, मग उठला आणि थेट पाण्याच्या टाकीच्या मागे जाऊन उभा राहिला, जिथे आवाज पोचत नव्हता. तो पळून जात नव्हता, शांत जागेवर जात होता, आणि रोज एकाच जागेवर जात होता.

मग काय केलं, तर त्याचा बाक पलीकडच्या भिंतीला नेला आणि त्या पंधरा मिनिटांत हजेरीचा कागद ऑफिसात नेऊन द्यायचं काम त्याला दिलं, बरोबर वर्गातली एक मुलगी. ऑफिसातून परत येईस्तोवर पाढे संपलेले असायचे. त्याने सगळं सुटलं असं नाही, आठवड्यातून एकदोनदा तो तरी उठायचाच, पण बाईंची तक्रार "सारखा पळतो" वरून "शुक्रवारी उठला होता" वर आली, आणि बाईंनी त्याच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. खर्च काहीच नाही.

तुमच्या पोराचं कारण वेगळं असेल, पंख्याची घरघर असेल, खिचडीचा वास असेल, फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्रास होत असेल. पण कारण कळल्याशिवाय मागणी नेमकी होत नाही. बाईंना विनंती करा की आठवडाभर फक्त वेळ टिपून ठेवा, त्यांना जमत नसेल तर तुम्ही दोन दिवस मागे बसून स्वतः टिपा.

आणि इथेच ते मागे बसण्याचं बोलते. टिपण्यासाठी दोन दिवस बसा, फार तर आठवडा. रोज बसू नका, शाळेने कितीही गळ घातली तरी. आई वर्गात असली की बाई त्याच्याकडे बघायचं सोडून आईकडे बघतात, त्याने काही केलं की "अहो बघा ना तुमचा" असं सुरू होतं, आणि बाकीची मुलंही शिकतात की हा आपल्यातला नाही, याची आई येते. मी वर्षभर बसलेल्या आया बघितल्यात. वर्षाच्या शेवटी आई दमलेली असते, आणि मूल एकट्याने बसायला शिकलेलं नसतं ते नसतंच.

दोन तासांचं थोडं वेगळं आहे. कमी वेळाने सुरुवात करून वाढवत नेणं ही आमच्या कामातली खरी पद्धत आहे, काही मुलांना ती लागतेच. पण ती योजना असेल तर त्यात वाढ कशी करायची ते लिहिलेलं असतं. पहिले पंधरा दिवस दोन तास, पुढे खिचडीपर्यंत, मग पूर्ण दिवस, आणि अमुक तारखेला बसून बघू. असं लिहून देत असतील तर घ्या. तारीख न घालता नुसतं "दोन तास आणा" म्हणत असतील तर ती शाळेची सोय झाली, मुलाची नाही, आणि त्याला हो म्हणू नका, कारण एकदा पडलेली सवय वर्षानुवर्षं तशीच राहते.

आता अर्ज. एका अर्जात एकच विषय. भावना लिहू नका, किती रडलात ते लिहू नका, मला माहितीये किती रडला असाल, पण ते कागदावर गेलं की वाचणारा माणूस मुद्दा शोधत बसतो. असं काहीतरी लिहा: "माझा मुलगा इयत्ता २ री, तुकडी अमुक, यास ऑटिझम असल्याचा अहवाल सोबत जोडला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ नुसार त्याच्यासाठी पुढील सोय करावी ही विनंती. १) त्याची बसण्याची जागा दारापासून दूर, पुढच्या बाकावर असावी. २) गोंगाट वाढल्यास त्यास पाच मिनिटे शांत जागी बसू द्यावे, ती जागा ठरवून द्यावी. ३) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची शाळेस भेट व्हावी म्हणून आपल्या स्तरावरून पत्र द्यावे. याबाबत पंधरा दिवसांत लेखी कळवावे." बस. दोन प्रती न्या, एक त्यांना, दुसरीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून म्हणा की सर, माझ्या फाईलला एक लागते. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि तोंडी नकार मिळाला, जो तुम्हाला मिळालाच आहे, तर त्याला कागदावर आणायची साधी रीत आहे. घरी येऊन त्याच दिवशी लिहायचं: "आज दि. अमुक रोजी आपण मला तोंडी सांगितलेत की माझ्या मुलास या शाळेत ठेवता येणार नाही. कृपया याची कारणे लेखी द्यावीत." माझ्या अनुभवात दहातल्या आठ ठिकाणी इथेच सूर बदलतो, कारण असं लेखी कुणालाच द्यायचं नसतं. "अहो आमचं तसं म्हणणं नव्हतं" हे वाक्य ऐकू आलं की तुमचं काम झालं, त्यावर वाद घालू नका, लगेच बाकाच्या जागेबद्दल बोलायला लागा.

बाईंबद्दल एक मनापासून सांगते. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा आणि त्या ५४ मुलं सांभाळतायत, वर निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. त्यांना ऑटिझमचं ट्रेनिंग मिळालं असेल तर ते दोनचार दिवसांचं. "माझ्याच्याने होत नाही" हे बऱ्याचदा नकार नसून मदतीची हाक असते. त्यांच्याकडे जाताना मागणी घेऊन जाता तसं काहीतरी देण्यासारखंही घेऊन जा. एका पानावर लिहून द्या की त्याला काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरला की काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही (उदाहरणार्थ दंडाला धरून ओढू नका, नाव घेऊन हळू बोला), शू लागली की तो काय खूण करतो. रोजच्या क्रमाची चित्रं, परिपाठ, भाषा, खिचडी, गणित, खेळ, घरी, ही पुठ्ठ्यावर चिकटवून तुम्हीच करून द्या, प्रत्येक तास झाला की एक चित्र उलटं करायचं. हे पुठ्ठ्याचं काम घरी तासाभरात होतं आणि मी बघितलंय की त्याचा उपयोग शाळेतल्या इतर चार मुलांनाही होतो.

हे सगळं करून पंधरा दिवसांत काही हललं नाही तर वर जायचं, आणि पायरीपायरीने जायचं. आधी शहर साधन केंद्र, म्हणजे शहरातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण खात्याचं ऑफिस, तिथे समावेशित शिक्षणाचं (विशेष मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचं) कोण बघतं ते विचारा. मग महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज, आधीच्या पोचेच्या झेरॉक्ससकट. महापालिकेचा लोकशाही दिन असतो तिथेही हा विषय नेता येतो. त्याच्या वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, मुंबईत राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे, आणि वकील लागलाच तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिथे बायकांना, मुलांना आणि दिव्यांगांना मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. पण खरं सांगते, मी पाहिलेल्या बहुतेक केस शिक्षणाधिकाऱ्यांच्या पुढे गेल्याच नाहीत, कारण फाईल नीट होती.

एकट्याने जाण्यापेक्षा दोघीतिघींनी जा. तुमच्या शाळेत अजून दोन आया असणारच, फक्त गेटवर एकमेकींशी बोलत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते, २०१२ पासून त्यात आपण येतो. जूनमध्ये समितीची निवड असेल तर नाव द्या. समितीत बसलेल्या आईला गेटवर उभं करून बोलत नाहीत.

राग पोरावर निघेल का, याचं खोटं उत्तर देणार नाही. क्वचित निघतो, टोमण्यांच्या रूपात, दुर्लक्षाच्या रूपात. पण मी जिथे तो निघालेला बघितला तिथे बहुतेक वेळा आईने आधी सगळ्यांसमोर बाईंना बोललेलं होतं, किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने असतो, बाईंच्या विरुद्ध नसतो, आणि तो द्यायच्या आदल्या दिवशी बाईंना सांगून ठेवा की तुम्हाला मदत मिळावी म्हणून देतेय. मारलं किंवा कोंडून ठेवलं असं काही झालं तर मात्र थांबायचं नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे, त्याच दिवशी लेखी.

आणि स्पेशल शाळेबद्दल. ती वाईट नाही, कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. वाशीचं महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, ठाण्यात महापालिकेची जिद्द शाळा आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, तिथे असेसमेंट करून घ्या, स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीबद्दल विचारा, जाऊन तरी बघा. काही मुलांना काही वर्षं तिथेच जास्त मिळतं, आणि मी स्वतः काही पालकांना तसं सुचवलंय. पण तुमचा मुलगा अक्षरं ओळखतो, थोडं बोलतो, आणि तुम्ही लिहिलंय की तो वर्गातल्या एका मुलाचं नाव घरी घेतो. हे ऐकून मला तरी वाटतं की त्याला निदान एक वर्ष नीट, सोयींसकट, याच शाळेत मिळायला हवं, आतापर्यंत सोयींसकट ते मिळालेलंच नाहीये, मग "जमत नाही" हे कशावरून ठरवलं?

सोमवारपासून वेळा टिपायला लागा आणि यू-डायसचं विचारून घ्या, बाकीचं त्यानंतर. टिपलेल्या वेळा इथेच लिहा, कुठला तास चालू होता आणि शेजारच्या वर्गात काय चालू होतं तेही, मी बघून सांगते. आणि तो ज्या मुलाचं नाव घेतो त्याच्या शेजारी बसायला मिळतंय का, हे पण बाईंना विचारा.